शेततळं भरलं, पण कुठून? कार्यक्रम-सिद्धान्ताने धोरणाचं मूल्यमापन कसं करायचं

सरकारी योजनेचा अहवाल उघडला की पहिल्या पानावर तक्ता असतो: उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी, खर्च. शेवटच्या पानावर हसऱ्या लाभार्थ्याचा फोटो आणि उत्पन्न वाढल्याचं एक वाक्य. या दोन पानांच्या मध्ये काय घडलं, म्हणजे खड्डा खणला आणि पैसा वाढला यांचा एकमेकांशी नेमका संबंध कसा लागला, हे बहुतेक अहवालांत सापडत नाही. कार्यक्रम-सिद्धान्त वापरून मूल्यमापन करायचं ते ही मधली जागा भरण्यासाठी.

कार्यक्रम-सिद्धान्त हा शब्द भारदस्त वाटला तरी अर्थ साधा आहे. ‘हे केलं की ते का घडेल’ याबद्दल योजनेने मनात धरलेली साखळी, एवढंच. संस्थांमध्ये याला ‘थिअरी ऑफ चेंज’ म्हणतात आणि तीच साखळी चौकटींत मांडली की ‘लॉजिक मॉडेल’. नावांचा काथ्याकूट करू नका. साखळी कागदावर आली आणि तिचा प्रत्येक दुवा खरा की खोटा हे तपासता आलं, की काम झालं.

हवेत शिकण्यापेक्षा एक योजना हातात घेऊ: महाराष्ट्र शासनाची ‘मागेल त्याला शेततळे’. फेब्रुवारी २०१६ च्या शासन निर्णयाने ती सुरू झाली. गेल्या पाच वर्षांत एकदा तरी ५० पैशांपेक्षा कमी पैसेवारी (नेहमीच्या पिकाच्या तुलनेत किती पिकलं याचा सरकारी अंदाज) लागलेली गावं, किमान ०.६० हेक्टर जमीन, तळ्याचा जास्तीत जास्त आकार ३० × ३० × ३ मीटर आणि अनुदान जास्तीत जास्त ५०,००० रुपये, अशी तिची मूळ चौकट. प्लास्टिकचं अस्तर घालायचं तर शेतकऱ्याने स्वखर्चाने. पुढे नियम आणि रकमा बदलल्या, म्हणून पहिला धडा इथेच: ज्या वर्षांची तळी तपासणार, त्या वर्षांचाच जीआर (शासन निर्णय) वाचा.

जीआर दोन रंगांनी वाचा

एका रंगाने ‘काय करायचं’ ती वाक्यं अधोरेखित करा: अर्ज, पात्रता, जागेची पाहणी, कार्यारंभ आदेश, खोदाई, मोजमाप, बँक खात्यात अनुदान. दुसऱ्या रंगाने ‘म्हणून काय होईल’ ती. पहिल्या रंगाने पानं भरतात. दुसऱ्याला प्रस्तावनेतली दोन-तीन वाक्यं मिळतात: पावसावर अवलंबून असलेल्या शेतीला संरक्षित सिंचन (पाऊस ओढ देतो तेव्हा पीक जगवण्यापुरतं पाणी), उत्पादनात शाश्वतता. जीआर ही कामाची आज्ञा असते, तिने कारणं सांगितलीच पाहिजेत असं नाही. ती तुम्हाला माणसांकडून काढून घ्यावी लागतात. तालुका कृषी अधिकारी, कृषी सहायक, तळं घेतलेला शेतकरी आणि तळं न घेतलेला शेतकरी, अशा किमान चौघांना वेगवेगळं भेटून एकच प्रश्न विचारा: ‘तळ्यामुळे फायदा होतो म्हणता, तो कसा होतो?’ चौघांची उत्तरं सारखी येणार नाहीत. त्यांतले फरक वहीत जपून ठेवा, पुढे तेच उपयोगी पडतात.

साखळी शेवटाकडून लिहा

नवशिके ‘अर्ज मागवले’पासून सुरुवात करतात आणि दहा चौकटी कार्यालयातच संपवतात. उलट करा. शेवटची चौकट आधी भिंतीवर चिकटवा: ‘पावसाचा खंड पडला तरी खरिपाचं पीक हातचं जात नाही.’ मग विचारा, हे होण्याआधी लगेच काय झालेलं असलं पाहिजे? खंडाच्या दिवसांत पिकाला पाणी मिळालं. त्याआधी? तळ्यात तेव्हा पाणी होतं आणि ते उपसून शेतात नेण्याची सोय होती. त्याआधी? सुरुवातीच्या पावसाचं वाहून जाणारं पाणी तळ्यात आलं आणि तिथे टिकलं. त्याआधी? तळं उताराच्या योग्य जागी, ठरल्या मापाचं खोदलं गेलं. त्याआधी? ज्याला गरज आहे त्याला ते खोदणं परवडलं.

एका चिठ्ठीवर एकच क्रियापद. ‘जनजागृती व क्षमताबांधणी होऊन उत्पादकता वाढली’ अशी चिठ्ठी दिसली तर फाडा, तिच्यात तीन दुवे कोंबलेले आहेत. आठ ते बारा चिठ्ठ्या पुरतात. वीस झाल्या तर तुम्ही योजनेची नियमावली लिहिताय, सहा झाल्या तर कुठेतरी उडी मारली आहे.

आता साखळीवर एक आडवी रेघ मारा. तळं खोदलं जाईपर्यंतचे दुवे हे अंमलबजावणीचे, त्यानंतरचे बदलाचे. अमेरिकेतल्या मूल्यमापन-अभ्यासक कॅरल वाइस यांनी हा फरक ठासून मांडला आणि तो मोलाचा आहे, कारण योजना फसण्याच्या तऱ्हा दोन. तळी खोदलीच नाहीत, तर अंमलबजावणी फसली. चांगली खोदली, तरी पीक गेलं, तर विचारच फसला. पहिल्या रोगावर देखरेख वाढवणं हे औषध आहे. दुसऱ्यावर तेच औषध दिलं, तर चुकीचं काम अधिक जोमाने होतं.

प्रत्येक बाणाखाली गृहीतक, आणि जमेल तिथे गणित

दोन चिठ्ठ्यांमधल्या बाणाखाली लिहा: ‘हे तेव्हाच होईल, जेव्हा…’ इथे घाई करू नका, अख्ख्या पद्धतीचा जीव या टप्प्यात आहे. ‘पावसाचं पाणी वाहून तळ्यात येतं’ हा एकच बाण जवळून बघू.

३० × ३० × ३ मीटरच्या तळ्याच्या बाजू १:१ उताराच्या धरल्या तर तळाशी २४ × २४ मीटर उरतात. साठा निघतो २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. एक हेक्टरला ५० मिलिमीटरची एक संरक्षित पाळी द्यायला ५०० घनमीटर लागतात, तेव्हा कागदावर हे तळं हेक्टरभर पिकाला चार पाळ्या देतं. छान. आता ते भरायचं कसं ते पाहू. समजा हंगामात ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला १० टक्के जमिनीवरून वाहिला. म्हणजे ६० मिलिमीटर, हेक्टरी ६०० घनमीटर. तळ्यावर थेट पडणारा पाऊस आणि पावसाळ्यातलं बाष्पीभवन साधारण एकमेकांना खाऊन टाकतात, ते सोडून देऊ. मग तळं भरायला किती जमिनीचं पाणी लागेल? २,१९६ भागिले ६००, म्हणजे सुमारे ३.७ हेक्टर. नऊ एकर!

पात्रतेची किमान जमीन आहे दीड एकर. त्यातले नऊ गुंठे तर तळंच खातं, बांध वेगळा.

याचा अर्थ योजना चूक असा नाही. वरच्या अंगाला दुसऱ्यांची शेतं असतील आणि त्यांचं पाणी याच बाजूला उतरत असेल, तर तळं भरेल. एखाद्या जोरदार पावसात १० टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त पाणी वाहतं. १५ × १५ × ३ मीटरचं तळं फक्त ४४१ घनमीटरचं, त्याला पाऊण हेक्टरच्या आसपास पाणलोट (जिचं पाणी तळ्याकडे उतरतं ती जमीन) पुरतो. पण या गणिताने तपासण्याजोगं गृहीतक हाती आलं: ‘मोठ्या आकाराच्या प्रत्येक तळ्याच्या वर किमान साडेतीन हेक्टरचं पाणी त्याच दिशेने येतं.’ शिवारात जाऊन हे पाहता येतं. ‘जलसंधारण होते’ हे वाक्य कुठे जाऊन पाहणार?

पैशाच्या बाणाचंही असंच गणित करा. ५०,००० भागिले २,१९६, घनमीटरला साधारण २३ रुपये. मऊ मातीत एवढ्यात कितपत भागेल आणि खाली कठीण मुरूम किंवा कातळ लागला तर काय, हे गावातल्या पोकलेनवाल्याला विचारा, तो तासाचा दर आणि तास दोन्ही सांगेल. शिवाय अनुदान काम झाल्यावर येतं, म्हणजे आधी खिशातून घालायची ऐपत हवी. अस्तर घालायचं तर तळ आणि बाजू मिळून हजार चौरस मीटरच्या वर प्लास्टिक लागतं आणि तो खर्च वेगळाच. ‘मागेल त्याला’ हा शब्द आहे खरा, पण मागणार कोण? हेही एक गृहीतकच.

दुसरी साखळी: योजनेला न सांगता चालणारी

अधिकृत साखळी झाली की तिच्या शेजारी आणखी किमान एक लिहा, जी कुठल्याच जीआरमध्ये नसते. शेतकरी पुढ्यात आलेलं साधन त्याच्या हिशोबाने वापरतो, धोरणाच्या नाही, आणि त्याचा हिशोब बहुधा पक्का असतो.

शेततळ्याची दुसरी साखळी अशी: तळ्याला प्लास्टिकचं अस्तर घातलं. विहिरीत किंवा बोअरमध्ये पाणी आहे तोवर मोटर लावून ते तळ्यात भरून ठेवलं. उन्हाळ्यात विहिरी आटल्या, तळं मात्र भरलेलं राहिलं. त्यावर द्राक्षाची एप्रिल छाटणी झाली किंवा डाळिंबाचा बहार धरला. उत्पन्न वाढलं. तळं इथे पावसाचं पाणी अडवत नाही, ती भूजलाची खासगी टाकी आहे. शासन निर्णयात इनलेट-आउटलेट (पाणी आत येण्याची आणि जास्तीचं बाहेर जाण्याची वाट) नसलेलं तळंही मान्य होतं, आणि त्यात पाणी उचलूनच टाकावं लागतं, विहिरीतून, बोअरमधून नाहीतर ओढ्यातून. म्हणजे दुसऱ्या साखळीला दार योजनेच्या आराखड्यातच ठेवलेलं होतं.

या साखळीला एक फाटाही आहे. उपसा आधीच झाला, तर शेजारच्या विहिरीचं पाणी लवकर खाली जातं. भूगर्भात सुरक्षित असलेलं पाणी उघड्यावर आणलं की बाष्पीभवन सुरू होतं: दिवसाला ५ मिलिमीटर धरलं, तरी ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज ४,५०० लिटर. आणि याच्या अगदी उलट तिसरी साखळी: अस्तर न घातलेलं तळं मुरमात झिरपतं, तळ्याच्या मालकाला पाणी मिळत नाही, पण खालच्या विहिरीला मिळतं. खड्डा तोच, अनुदान तेच, एक प्लास्टिकचा कागद आला-गेला की फायदा-तोट्याचे धनी बदलतात.

नुसतं उत्पन्न मोजणारा दुसऱ्या साखळीच्या शेतात जाऊन ‘योजना यशस्वी’ असं लिहून येईल. आकडा खोटा नसेल, निष्कर्ष मात्र खोटा असेल.

मूल्यमापनाच्या क्षेत्रात या चुकीचं गाजलेलं उदाहरण बांगलादेशाचं आहे. १९९५ मध्ये तिथे एकात्मिक पोषण प्रकल्प सुरू झाला, तामिळनाडूतल्या आधीच्या कार्यक्रमाच्या धर्तीवर. आईला पोषणाचं ज्ञान दिलं की मूल नीट खाईल, ही साखळी. प्रत्यक्षात ग्रामीण बांगलादेशात बाजारहाट पुरुष करत आणि एकत्र घरात स्वयंपाकघरावर हुकूम सासूचा. ज्ञान पोचलं, पण निर्णय ज्यांच्या हातात त्यांच्यापर्यंत नाही. आपल्याकडच्या कुणाही सुनेने हे पहिल्या बैठकीत सांगितलं असतं, फक्त तिला विचारायला हवं होतं.

सगळे दुवे तपासू नका

वेळ आणि पैसा तीन-चार दुव्यांना पुरतो. प्रत्येक दुव्याला दोन प्रश्न विचारा: हा तुटला तर पुढचं सगळं कोसळतं का? आणि तो टिकेल की नाही याबद्दल आपण खरोखर साशंक आहोत का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तेच निवडा. आपल्या उदाहरणात: तळं कोणत्या पाण्याने भरलं, खंडाच्या वेळी पाणी खरिपाला दिलं का, तळं कोणाला परवडलं, आणि शेजारच्या विहिरीचं काय झालं. तळ्यांची संख्या कृषी विभागाच्या पोर्टलवर आहे, ती पुन्हा मोजण्यात आठवडा घालवू नका.

शिवारात जाण्यापूर्वी प्रत्येक दुव्यापुढे एक वाक्य लिहून त्यावर तारीख घाला: ‘हा दुवा तुटला असं आपण केव्हा म्हणू?’ उदाहरणार्थ, ‘पाहिलेल्या तळ्यांपैकी निम्म्याहून जास्त तळी मुख्यतः विहीर-बोअरच्या पाण्याने भरली असतील, तर पावसाच्या पाण्याचा दुवा तुटला.’ निम्मंच का, साठ टक्के का नाही, यावर आधीच भांडून घ्या. आकडे आल्यावर रेषा ओढायला बसलात, तर ती नेहमी सोयीच्या जागी पडते.

शिवारात

दोन माणसं आणि सहा आठवडे असतील, तर दोन तालुके, दहा गावं, गावागणिक सहा तळी आणि चार शेजारच्या विहिरी, एवढं झेपतं: ६० तळी, ४० विहिरी. गावं निवडताना यादी मागवा आणि चिठ्ठ्या टाका. ‘साहेब, हे गाव बघा, चांगलं काम झालंय’ या वाक्याने निवडलेलं गाव नमुन्यात घेऊ नका. पाहायचंच असेल, तर वेगळं पाहा आणि वेगळं लिहा. ज्यांनी अर्ज केला, मंजुरी मिळाली, पण तळं खोदलं नाही, अशांनाही प्रत्येक गावात दोघा-तिघांना गाठा. न खोदण्याचं कारण तेच सांगतील, आणि तुलनेलाही तेच सर्वांत जवळचे.

‘लाभ झाला का?’ हा प्रश्न विचारू नका. हातात वही घेतलेल्या पाहुण्याला ‘हो’ म्हणण्याची रीत आहे. त्याऐवजी घटना विचारा आणि त्या सणांना नि नक्षत्रांना बांधा, तारखा कुणाला आठवत नाहीत. ‘पोळ्याला तळ्यात किती पाणी होतं, गुडघ्याइतकं की डोक्यावर?’ ‘मघा कोरड्या गेल्या तेव्हा पाणी कुठल्या पिकाला दिलं? इंजिन स्वतःचं की भाड्याचं?’ ‘संक्रांतीनंतर तळ्यात मोटर किती दिवस चालवली?’ हा शेवटचा प्रश्न सहज, पाइपकडे बघत विचारा. विहिरीवरून तळ्याच्या काठापर्यंत आलेला पाइप, काठावर पाणी पडून झालेली खूण, इनलेटपाशी साचलेला गाळ किंवा त्याचा संपूर्ण अभाव, हे पुरावे बोलण्याच्या आधी टिपा. इनलेट आहे आणि दोन पावसाळ्यांनंतरही तिथे गाळाचा कण नाही, तर त्या वाटेने पाणी आलेलं नाही.

कागदी पुराव्यांचे सापळे ठाऊक असू द्या. शेतीपंपाच्या वीजबिलावरून उपसा काढायला जाऊ नका, अनेक जोडण्यांना मीटर नाही आणि बिल अश्वशक्तीवर असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते, ती तालुक्याचा कल सांगते, पण तुमच्या तळ्याशेजारच्या विहिरीबद्दल काही सांगत नाही. पावसाचे महसूल मंडळनिहाय आकडे ‘महारेन’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, तेवढे पुरे.

उपग्रहाची चित्रं फुकट आहेत म्हणून भुलू नका. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे ३० मीटरचं तळं जेमतेम नऊ ठिपक्यांचं, त्यांतले कडेचे आठ बांधाशी मिसळलेले. शिवाय काठोकाठ भरलेल्या तळ्याची बाजू ३० मीटर आणि तळाशी आलेल्या पाण्याची २४, हा फरक त्या चित्रात दिसत नाही. चित्र एवढंच सांगतं: पाणी आहे की नाही. पण तेवढ्यावरही एक पक्का पुरावा निघतो. मार्चमध्ये कोरडं आणि एप्रिलमध्ये पाणी असलेलं तळं, मध्ये पाऊस नाही. तिथे मोटर नाहीतर टँकर.

वर्षाची निवड तर सर्वांत जास्त विसरली जाते. ‘खंडात पीक वाचतं’ हा दुवा खंड पडलेल्या वर्षातच तपासता येतो. चांगल्या पावसाच्या वर्षी तळंवाला आणि बिनतळंवाला दोघांचं सोयाबीन सारखंच येणार, त्यावरून ‘परिणाम शून्य’ लिहिणं म्हणजे आग न लागलेल्या घरात अग्निशामक नळकांडं निकामी ठरवणं. २०२३ चा ऑगस्ट देशभर विक्रमी कोरडा होता, असं वर्ष तुमच्या मंडळात सापडतं का ते आधी पाहा.

निष्कर्ष लिहिताना

तळंवाल्यांचं उत्पन्न इतरांपेक्षा जास्त दिसलं, तर लगेच श्रेय देऊ नका. आधीपासून विहीर, बाग आणि खिशात पैसा असलेल्यांनीच तळी खोदली असतील. म्हणून प्रत्येकाचं तळ्याआधीचं पीक, सिंचन आणि जमीन विचारलेली हवी, आणि तुलना सारख्या परिस्थितीतल्यांची हवी. एवढ्या लहान नमुन्यावर टक्केवारीचा दशांश छापण्याचा मोहही आवरा.

अहवालाची मांडणी प्रकरणांनुसार नको, दुव्यांनुसार करा: दुवा, गृहीतक, आधी ठरवलेली रेषा, पुरावा, निकाल. निकालाला तीन शब्द पुरतात: टिकला, तुटला, कळलं नाही. तिसरा शब्द वापरायला लाजू नका. आणि सरासरीत जागा बुडवू नका. रे पॉसन आणि निक टिली या ब्रिटिश अभ्यासकांनी १९९७ मध्ये मांडलेला प्रश्न इथे कामी येतो: कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत, कशामुळे? काळ्या जमिनीतलं लहान, बिनअस्तराचं, इनलेटवालं तळं आणि बागायती पट्ट्यातलं मोठं, अस्तराचं, पाइपवालं तळं ही कागदावर एकच योजना आहे. अहवालात त्यांची सरासरी काढली की दोघांबद्दलही काही कळत नाही.

शिफारस तुटलेल्या दुव्याला चिकटलेली हवी. पाणलोट अपुरा निघाला, तर आकार पाणलोटावरून ठरवा, मंजुरीच्या कागदात वरच्या हेक्टरांचा रकाना घाला. परवडण्याचा दुवा तुटला, तर अनुदानाचा काही भाग खोदाईच्या आधी द्या. भूजलाची दुसरी साखळी जोरात असेल, तर देखरेख वाढवून उपयोग नाही, कारण तळं मापात आहे, फलक लावलेला आहे, जिओटॅग केलेला फोटो बरोबर आहे. तिथे इनलेट नसलेल्या तळ्याला अनुदान द्यायचं का, हाच प्रश्न शासनापुढे ठेवावा लागतो.

सुरुवातीला भिंतीवर लावलेल्या चिठ्ठ्यांचा फोटो तारखेसह परिशिष्टात जोडा, आणि शेवटची सुधारलेली साखळी त्याच्या शेजारी छापा. कोणती चिठ्ठी कुठून कुठे सरकली, हे पुढचा मूल्यमापक आधी तिथेच पाहील.